वीरगळाची मिशी

व्याख्यानमालेचे तीन दिवस मला कशाचीच खात्री वाटत नाही. खुर्च्या मांडून झाल्या, माइक तपासून झाला, प्रोजेक्टरची वायर दोनदा ओढून पाहिली, तरी मी तिसऱ्यांदा जाऊन बघतो. महाडात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि गेली की सगळ्यांच्या माना मागे माझ्याकडे वळतात, जशी काही मीच ती खिशात घातली. वाचनालयाच्या सभागृहात मी शिपाई आहे. व्याख्यान चालू असताना मागच्या भिंतीला टेकून लॅपटॉपपाशी बसायचं आणि वक्ते ‘पुढचं’ म्हणाले की बटण दाबायचं, एवढंच काम. पण त्या बटणापायी मी इतक्या वर्षांत एकही व्याख्यान चुकवलेलं नाही.

माझं गाव हिंगोलीकडे. शाळा आठवीत सुटली, त्याचं कारण सांगण्यासारखं मोठं नाही. आठवीचा वर्ग ओढ्यापलीकडच्या गावात होता. एका पावसाळ्यात ओढा फार दिवस उतरला नाही, मी घरी राहिलो, आणि राहिलो तो राहिलोच. कुणी परत जा म्हणालं नाही. पुढे महामार्ग रुंद करायचं काम निघालं तेव्हा मोजणीवाल्यांच्या टोळीबरोबर पट्टी धरायला मी कोकणात आलो.

पुण्याचे एक सर दर डिसेंबरात व्याख्यानाला येत. विषय फिरून तोच, जुन्या काळची माणसं कशी जगली. राजांचं ते फार सांगत नसत. चुली कुठे होत्या, धान्याच्या बळदांना उंदीर लागू नये म्हणून काय करत, जात्याचे दगड कुठून आणले, असलं सांगत. एकदा त्यांनी घराच्या जमिनीखाली रांजणात घालून पुरलेल्या लहान लेकराचं चित्र दाखवलं. आईला लेकरू लांब टाकवलं नसेल, म्हणून घरातच ठेवलं असेल, असं आपलं मला वाटतं, पुरावा नाही, असं ते म्हणाले. माझं बोट बटणावर तसंच राहिलं. माझी एक बहीण लहानपणीच गेली, तिला माळावर नेलं होतं. ‘पुढचं’ असं सरांना दोनदा म्हणावं लागलं.

व्याख्यान संपल्यावर सर चहाचा कप हातात घेऊन मागे माझ्याकडे आले. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. ते म्हणाले, “तुम्ही मन लावून ऐकता. काय वाटलं?” शाळा सुटल्यापासून मला काय वाटतं हे कुणी विचारलं नव्हतं. मी काहीतरी बरळलो. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. त्या दिवसापासून सरांनी सावित्री नदीत उडी मार म्हटलं असतं तर मी फक्त कोणत्या घाटावरून, एवढंच विचारलं असतं.

वाचनालय हे माझं एक घर. आता दुसऱ्या घराचं सांगतो, कारण घडलं ते या दोन ठिकाणांच्या मध्ये.

मोजणीच्या कामावर असताना मला कावीळ झाली. टोळी पुढे गेली. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात मी एका घराच्या पडवीत पडून राहिलो. पाणी मागायला गेलो होतो, तिथंच बसलो, उठवेना. त्या घरात म्हातारा-म्हातारी दोघंच, मुलगे मुंबईला. त्यांनी मला दोन महिने ठेवलं. म्हातारीनं पेज पाजली, कसल्या पाल्याचा रस पाजला, आणि माझ्या डोळ्यांचं पिवळं उतरलं की नाही हे रोज सकाळी दारात उभं करून उजेडात बघितलं. जात विचारली ती बरं झाल्यावर, आणि तीही सहज. तिचे मुलगे तिला आये म्हणत, मीही आये म्हणू लागलो. म्हाताऱ्याला आबा. वाचनालयातली नोकरीही आबांनीच कुणाला तरी सांगून लावून दिली. पुढे दर सणाला मी पोलादपूरची एसटी धरून तिथं जायचो. हिंगोलीला जाण्यासारखं तिकडे आता कुणी उरलेलं नाही.

त्या गावात पाणवठ्याच्या वाटेवर कमरेएवढा एक दगड उभा होता. त्यावर लोक कोयते घासत. वर्षानुवर्षं घासून एका कडेला त्याची पार खोबण झाली होती. एका डिसेंबरात सरांनी पडद्यावर वीरगळ दाखवले. गावाची गुरं चोरून नेणाऱ्यांशी लढता लढता मेलेल्या माणसाचा दगड. खाली लढाई, मधे त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर पिंडीपुढे हात जोडून बसलेला तो. आणि मी मागे बसून घामाघूम झालो, कारण हा दगड मी पाहिला होता. मीही त्यावर कोयता घासला होता.

पुढच्या रविवारी जाऊन, दगडावर पाणी ओतून, सकाळच्या तिरप्या उन्हात मोबाइलवर फोटो काढले आणि सरांना पाठवले. सरांचा लगेच फोन आला. अप्सरांच्या खालच्या पट्टीवर अक्षरं आहेत म्हणाले. पुसट, पण आहेत. अशा दगडावर अक्षरं क्वचितच सापडतात. त्या माणसाचं नावही निघू शकेल. पुढच्या हिवाळ्यात कागद आणि शाई घेऊन स्वतः येतो. ओला कागद दगडावर चोपून बसवायचा, वरून शाई फिरवायची, म्हणजे डोळ्याला न दिसणारी अक्षरंही कागदावर उतरतात. “तोपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका. तुमच्यावर सोपवतो,” असं ते म्हणाले.

माझ्यावर आजवर चाव्यांपलीकडे कुणी काही सोपवलं नव्हतं.

मी गावात सांगितलं. इथं माझी पहिली चूक झाली. हात लावू नका एवढंच सांगायला हवं होतं, मी व्याख्यान दिलं. आबांच्या अंगणात पाचपन्नास माणसं बसलेली आणि मी सरांसारखा हात मागे बांधून उभा. आपल्या गावाची गुरं सोडवताना मेलेला हा माणूस आहे, म्हणालो. आठशे वर्षं झाली असतील. आपण त्याच्या छातीवर कोयते घासतो. बायका हळहळल्या. एकीनं तिथल्या तिथे कान धरले. आबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “म्हंजे आपलाच कोनतरी म्हनायचा.” हात लावू नका हे मी शेवटी सांगितलं, पण तोवर कुणी ऐकत नव्हतं. ऐकण्यासारखं सांगून झालं होतं.

शिमग्याला मुंबईकर आले. पालखी नाचवून झाली, ती सहाणेच्या चौथऱ्यावर बसवली, आणि गावकीची बैठक भरली. वीर असा चिखलात उभा ठेवायचा नाही, असं ठरलं. या लोकांची माया अशीच असते. आपल्या माणसाला ते आहे तसं ठेवत नाहीत, त्याला धुतात, सजवतात, बसायला जागा करून देतात. मी पोचलो तेव्हा दगड उपटून सहाणेशेजारी आणलेला होता. खाली सिमेंट, भोवती न्हाणीघराला लावतात तशा निळ्या फरश्या. तारेच्या ब्रशनं शेवाळ काढून झालं होतं, आणि आबांचा थोरला ऑइल पेंटचे डबे उघडत होता.

मी आबांना बाजूला घेतलं, सरांनी काय सांगितलं होतं ते सांगितलं. आबा म्हणाले, सायेब येतील तवा त्यांना बरं दिसाया नको? आम्ही पावण्याला असं उघडं दाखवू? त्यांच्या तोंडावर इतका आनंद होता. मला पुढे बोलवेना. ज्या माणसानं मला पडवीतून हाकललं नाही, त्याला भर गावकीत मी काय म्हणून अडवू? मनात म्हटलं, रंग आहे, रंग निघतो. घाबरट माणसाची ही एक हुशारी असते, त्याला पाहिजे तेव्हा पाहिजे ते खरं वाटतं.

वीर चांदीरंगाचा झाला, अप्सरांची लुगडी हिरवी, पिंड काळी. अक्षरांच्या पट्टीवर थोरल्यानं लाल रंगाचा जाड हात मारला. सगळं झाल्यावर चेहरा सपाट दिसायला लागला. आये म्हणाली, “ह्याला मिशी नाय तर ह्यो मरद कसला? बाला, तुजा हात हलका हाय, तू काढ.”

मी काढली. बारीक ब्रश माझ्याच पिशवीत होता, सभागृहाच्या खुर्च्यांवर नंबर घालायचा. दोन टोकं वर वळवलेली, चांगली झुपकेदार मिशी. पोरींनी टाळ्या वाजवल्या. थोरला म्हणाला, “आता कसा आमदार दिसतोय!” मीही हसलो. खरं सांगायचं तर त्या दुपारी मी त्या गावात जितका आपला होतो तितका कधीच कुठे नव्हतो.

चार दिवसांनी सरांना फोटो पाठवला. लपवावा असंही वाटलं, पण लपवायला धीर लागतो. कुणी रंगवलं ते लिहिलं नाही. ‘गावकऱ्यांनी केलं’ एवढं लिहिलं. उत्तर आलं, ‘अरेरे.’ त्यावर आणखी काही नाही. कागद आणि शाईचा विषय तिथंच संपला.

डिसेंबरात सर आले. आदल्या दिवशी फोनवर म्हणाले की दुसऱ्या व्याख्यानात तुमच्या त्या दगडावर बोलणार आहे. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, रागावले नाहीत. मी लगेच आबांना कळवलं. सर गावाच्या वीरावर बोलणार, मोठ्या पडद्यावर दाखवणार, या. यात चूक किती आणि हौस किती हे मला आजही वेगळं करता येत नाही. मला दोन्ही घरं एका छपराखाली बघायची होती.

तुडील गावच्या एका चाचांचा टेम्पो करून अकरा माणसं आली. आबांनी धुवट टोपी घातलेली, आयेच्या हातात पिशवी, पिशवीत नारळ आणि सरांसाठी शाल. आखातात बारा वर्षं काढून आलेले ते चाचा बाहेरच थांबले, मला या वयात डुलकीच बरी म्हणाले. मी गावच्या मंडळींना तिसऱ्या रांगेत बसवलं. पुढच्या दोन रांगा वकील, डॉक्टर आणि देणगीदारांच्या असतात.

सरांची एक पद्धत आहे. दर वीस मिनिटांनी एकदा हशा पिकला पाहिजे, नाही तर लोक पेंगतात, असं त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. त्या दिवशी त्यांनी आधी मी काढलेला दगडाचा जुना फोटो दाखवला. पाण्यानं भिजलेला, तिरप्या उन्हातला. अक्षरांवरून लेझरचा लाल टिपका फिरवत म्हणाले, इथे एक माणूस आपलं नाव सांगायला आठशे वर्षं थांबला होता. मला वाटलं, आता ते म्हणतील की महाडच्या शिपायानं हे शोधलं. ते म्हणाले, “आणि मग त्याला त्याचे नातेवाईक भेटले. पुढचं.”

मला कळलं पुढे काय आहे. फायलीत चित्रं मीच ओळीनं लावली होती, पण सरांनी हे कशासाठी ठेवलं असेल हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. किंवा सुचलं होतं. मी बटण दाबलं.

भिंतभर चांदीचा वीर, निळ्या फरश्या, आणि मिशी. हशा असा उठला की मागची काच हादरली. सर थांबले, हशा ओसरू दिला, आणि म्हणाले, “काळानं जे आठशे वर्षांत केलं नाही, ते आपण दोन डब्यांत करतो. मिशी कोणा कलावंताची आहे ते कळलं नाही, नाही तर आज इथेच सत्कार केला असता.” पुन्हा हशा. पहिल्या रांगेतले एक वकील रुमालानं डोळे पुसत होते.

मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. सुरुवातीला आमची मंडळीही हसली होती. पडद्यावर आपला वीर दिसला म्हणून, आनंदानं. मग हळूहळू त्यांचं हसू जिरलं. आयेनं पिशवी मांडीवरून खाली पायाशी ठेवली.

मला उभं राहायचं होतं. मिशी माझी आहे, फोटो माझा आहे, गावाला सांगितलं मी, आणि अडवलं नाही तेही मीच, एवढंच म्हणायचं होतं. चार वाक्यं. पण समोर वाचनालयाचे अध्यक्ष बसले होते, नोकरी त्यांच्या हातात होती, आणि सर मला पुन्हा कधी ‘तुम्हाला काय वाटलं’ असं विचारणार नाहीत हे दिसत होतं. माझं बोट बटणावर होतं. मी पुढच्या हुकमाची वाट बघत होतो.

उभे राहिले ते आबा. त्यांनी हात जोडले. सर म्हणाले, प्रश्न शेवटी घेऊ आजोबा. आबा म्हणाले, “परश्न नाय सायेब. आमचाच हाय त्यो गाव. मिशी मी काढली.”

ते मागे वळले नाहीत. माझ्याकडे एकदा पाहिलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं, म्हणून पाहिलं नाही.

सर वाईट माणूस नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. “अहो, तुम्हाला उद्देशून नव्हतं ते, ही सगळीकडेच होणारी गोष्ट आहे, बसा, बसा,” म्हणाले. आबा बसले. पंधरा-वीस मिनिटं पुढचं व्याख्यान झालं, पाण्याच्या टाक्यांवर. मी सगळी चित्रं वेळेवर दाखवली.

संपल्यावर आयेनं सरांना नारळ दिलाच. शालही दिली. सरांनी वाकून नमस्कार केला. सगळं नीट पार पडलं असं कुणालाही वाटलं असतं. बाहेर टेम्पोत बसताना चाचांनी विचारलं, “काय, आत कॉमेडीचा प्रोग्राम व्हता काय? हसनं रस्त्यापर्यंत येत व्हतं.” आये मला म्हणाली, “जेवून घे रे तू. तोंड बघ केवढुसं झालंय.” टेम्पो गेला. मी आत येऊन खुर्च्या आवरल्या.

दुसऱ्या दिवशी सरांना गाडीत बसवताना मी सांगून टाकलं. मिशी मी काढली होती. ते हसले, खांद्यावर हात ठेवला. “अहो, त्यात काय एवढं. कोणी काढली याला काही महत्त्व नाही. दगड गेला तो गेलाच.” आणि कोकण रेल्वेच्या वीर स्टेशनला गाडी वेळेत पोचेल ना, हे विचारलं. माझ्या मनावरचा दगड मी कुणापुढे उतरवला तर ज्याला त्याचं वजनच नव्हतं त्याच्यापुढे. मी तरीही त्यांचे आभार मानले. ते खोटे नव्हते. त्या माणसानं मला जे शिकवलं ते कुणी शिकवलं नाही, आणि ही गोष्ट माझ्याच्यानं गिळवतही नाही आणि थुंकवतही नाही.

गावात जायला मला धीर झाला तो संक्रांतीनंतर. आबा वाटच बघत असल्यासारखे उठले, आणि मला सहाणेकडे घेऊन गेले. फरश्या काढल्या होत्या. सिमेंट फोडलं होतं. तिथून त्यांनी मला पाणवठ्याच्या वाटेवर नेलं. दगड पुन्हा जुन्या जागी उभा होता. आठ दिवस राबलो, म्हणाले. आधी घासलेट, मग टर्पेंटाईन, तरी फटींतला रंग निघेना, म्हणून मुंबईहून थोरल्यानं घासायचं मशीन आणलं, लाद्यांना पॉलिश करायचं. कुठे रंगाचा ठिपका ठेवला नव्हता. दगड स्वच्छ, करडा, हाताला गुळगुळीत लागत होता. अक्षरांची पट्टी नव्हती. अप्सरा नव्हत्या. खाली दोन पाय तेवढे ओळखू येत होते, तेही आधी माहीत असलं तर.

आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. आये कधी उजेडात माझे डोळे बघायची तसे.

“बघ, काय ठेवलं नाय,” ते म्हणाले. “आता सायेबांना बोलव. म्हनावं, कागद लावायला या.”

मी हो म्हणालो. सांगतो म्हणालो.

ते मी सरांना सांगितलेलं नाही. आबांना मी जे सांगायला हवं तेही सांगितलेलं नाही. गेलो की ते मला पाणी पिऊ देतात, मग विचारतात, सायेब कधी येतायत? कामात आहेत म्हणतो. परदेशी गेलेत म्हणतो. गेल्या शिमग्याला पाय दुखतो म्हणून कळवलं आणि गेलोच नाही. आयेनं एसटीच्या वाहकाजवळ पुरणपोळ्या पाठवल्या. सभागृहात, मागच्या भिंतीला टेकून, एकट्यानं खाल्ल्या.